मदत हवी आहे: गच्चीवरच्या रोपांच्या खोलीसाठी एसी मे महिन्याच्या हिशोबाने घ्यावा की जुलैच्या?

नमस्कार. पुण्यात धायरीला आमच्या घराच्या गच्चीवर १२ फूट बाय १५ फूट आणि १० फूट उंच अशी एक खोली आहे. फेब्रुवारीपासून तिथे मातीविना, नळ्यांमधून खतपाणी फिरवून, लेट्यूस आणि बेसिल लावत आहे. चार रॅक आहेत, प्रत्येकाला चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर ३६ वॅटच्या चार एलईडी ट्यूब, म्हणजे एकूण ६४. दिवे सकाळी ६ ते रात्री १० चालू असतात. तूर्त जुन्या घरातला एक टनाचा, इन्व्हर्टर नसलेला एसी लावला आहे.

मे महिन्यात संध्याकाळी खोली २९ अंशांपर्यंत तापली आणि लेट्यूसने तुरे काढले. पाने इतकी कडू झाली की फेकून द्यावी लागली. आता पाऊस लागल्यावर तापमान २२ अंशांवर व्यवस्थित राहते, मात्र रात्री दिवे बंद झाले की सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते, लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि बेसिलच्या पानांखाली करडी बुरशी दिसू लागली आहे. त्यामुळे नवा एसी घ्यायचा आहे. एका दुकानदाराने केवळ चौरस फूट विचारून दीड टन सांगितला, दुसऱ्याने वर उघडी गच्ची आहे हे ऐकताच 'दोन टन डोळे मिटून घ्या' असा सल्ला दिला. डोळे उघडे ठेवून केलेला हिशोब खाली देत आहे. तो तपासावा, ही विनंती.

ट्यूब, पंखे आणि पंप मिळून मीटरवर २,६१० वॅट दिसतात. एलईडी तापत नाहीत असे दुकानदार सांगतात, पण खोलीत शिरलेली वीज अखेर जवळजवळ सगळी उष्णताच होते, म्हणून मी ती पूर्ण धरली आहे. स्लॅबचे क्षेत्रफळ १६.७ चौरस मीटर आहे; दर चौरस मीटरला आणि दर अंशाला सुमारे ३.३ वॅट, आणि तापलेली गच्ची व खोली यांच्यात २८ अंशांचा फरक धरला, तर १,५५० वॅट स्लॅबमधूनच उतरतात. बाहेरच्या दोन भिंतींचे ७०० आणि आत काम करणाऱ्या माणसाचे १०० वॅट. शिवाय टाकीत रोज सरासरी २२ लिटर पाणी भरावे लागते, जे बाष्पोत्सर्जनातून हवेत जाते असे मी मानतो. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते, म्हणजे दिवसाला १५ युनिट, आणि ती १६ तासांवर वाटली तर ९४० वॅट. सगळ्यांची बेरीज ५,९०० वॅट होते. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, अर्थात ३,५१७ वॅट. त्या हिशोबाने १.६८ टन येतात.

म्हणजे दोन टनवाला दुकानदार बरोबर ठरतो. तरीही माझे मन घेत नाही, कारण पावसाळ्यात स्लॅब तापत नाही आणि तेव्हा हा मोठा एसी बहुतेक वेळ रेंगाळत राहील. अशा वेळी तो पाणी कितपत काढेल? वेगळा डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ पाणी करून काढणारे यंत्र) घ्यावा, तर तो खोली आणखी तापवणार नाही का?

प्रतिसाद:

आपण मोजमापे घेऊन आला आहात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बेरीज मात्र एका ठिकाणी चुकली आहे. पानांतून पाणी उडते तेव्हा लागणारी उष्णता रोपे दिव्यांच्या उष्णतेतूनच घेतात. ती २,६१० वॅटमध्ये आधीच मोजली गेली आहे आणि आपण ती दुसऱ्यांदा धरली. हे ९४० वॅट फक्त रूप बदलतात: हवा तापवण्याऐवजी ते वाफेत अप्रकट उष्मा म्हणून साठतात आणि ती वाफ एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, गार होऊन पाणी झाली की एसीकडे येतात. खरा भार, म्हणजे एसीने बाहेर काढायची उष्णता, ४,९६० वॅट, म्हणजे १.४१ टन आहे.

याचा अर्थ दीड टन पुरेल असा नाही. आपल्याकडे एसीची क्षमता आत २७ आणि बाहेर ३५ अंश असताना मोजून लिहिलेली असते. आपल्याला आत २२ हवे आहेत आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर ३८ ते ४० असतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापील आकडा घटतो.

पण मी आपल्या जागी असतो तर एसीच्या आधी स्लॅबकडे पाहिले असते. कोब्याखाली ५० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर टाकला, तर १,५५० वॅटचे ३०० च्या आत येतील. दिव्यांची वेळही बदला. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि ती संध्याकाळी आत सोडतो. नेमके तेव्हाच आपले दिवे चालू असतात. दुपारी १ ते रात्री ९ ही रोपांची रात्र ठेवा. रोपांना त्यात काही गैर वाटत नाही; माणसाला मात्र पहाटे कापणी करावी लागते.

जुलैच्या शंकेचे कारण आपण बरोबर ओळखले आहे. मेमध्ये एकूण भारात वाफेचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो, पावसाळ्यात तो तिसऱ्या हिश्शावर जातो. मोठा इन्व्हर्टर एसी कमी भाराला कॉम्प्रेसर मंदावतो, कॉइल पुरेशी थंड राहत नाही आणि पाणी टपकणे कमी होते. म्हणून दोन टनांचा एक न घेता एक टनाचे दोन घ्यावेत. मेमध्ये दोन्ही चालतील; पावसाळ्यात दिव्यांच्या पावणेतीन किलोवॅटला एकच पुरेल आणि तो जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालल्यामुळे पाणीही काढत राहील. एक बिघडला तरी पीक जाणार नाही.

डीह्युमिडिफायर खोली तापवतो हे खरे: स्वतःची वीज आणि पाणी झालेल्या वाफेची उष्णता, दोन्ही तो आतच सोडतो. मात्र दिवे बंद असताना एसीला काम उरत नाही आणि आर्द्रता तेव्हाच चढते, त्यामुळे त्या आठ तासांपुरता लहान डीह्युमिडिफायर ठेवा. तो सोडेल ती उष्णता एसीला चालू राहायला कारण देईल. कप्प्यांमधले पंखे मात्र त्या वेळीही बंद करू नका.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. तीच उष्णता दोनदा धरली जात आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. दिव्यांची वेळ आजपासूनच बदलतो. ड्रेन पाइपखाली कॅन ठेवला तेव्हा २२ पैकी जेमतेम १४ लिटरच सापडले होते. बाकीचे दाराच्या फटीतून जात असावे अशी शंका आहे, म्हणून दाराला रबरी पट्टी लावून आठवडाभर दोन्ही आकडे लिहून ठेवतो आणि इथेच देतो. कोबा पावसाळ्यात उकरता येणार नाही. तोवर स्लॅबला आतून थर लावला, तर त्यामागे पाणी साचून बुरशी धरेल का, तेवढे सांगावे.