मोसंबीची साल आंबवली की तिचे गुण वाढतात का?

स्नेहलता_इंदूर: चोइथराम मंडीची मोसंबी घरी पिळली की निम्मं वजन साल नि चोथ्यातच जातं. तो आंबवला की औषधी होतो म्हणतात. नेमकं काय बदलतं? गूळ घालून केलेलं बायो-एन्झाइम पिता येईल का?

विरजण: ताई, सालीच्या पांढऱ्या भागात हेस्पेरिडिन नावाचं वनस्पतिजन्य द्रव्य असतं. त्याला साखरेचे दोन रेणू चिकटलेले असल्यामुळे लहान आतड्यात ते फारसं शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू साखर तोडतात, तेव्हा कुठे त्यातलं शोषलं जाणारं हेस्पेरेटिन मोकळं होतं. काही लॅक्टिक जिवाणू हेच काम बरणीत करतात. सगळे नाही, आणि दह्याच्या विरजणावर तर यासाठी भिस्त ठेवूच नका. बरेचसे प्रयोग परीक्षानळीत नि उंदरांवर झालेत, तेव्हा ‘शुगर उतरते’ असं कुणी छातीठोक सांगितलं तरी गोळ्या बंद करू नका. सालीतल्या पेक्टिनचा तंतू (फायबर) म्हणून फायदा न आंबवताही मिळतो.

बरणीवाले: करायचंच तर वरचा हिरवा-पिवळा पापुद्रा पातळ किसून काढा. त्यातलं तेल जिवाणूंना वाढू देत नाही. बरणी आठ दिवस ढिम्म राहते ती त्यामुळेच. बियाही काढा, कडू लिमोनिन त्यांत भरपूर. सालीच्या फोडी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून निथळा. 500 ग्रॅम फोडी, 500 मिली उकळून गार केलेलं पाणी, 25 ग्रॅम मीठ, विरजण म्हणून 2 चमचे गाजराच्या कांजीचं (आंबवलेल्या गाजराच्या पेयाचं) पाणी. फोडी पाण्याखाली दाबून ठेवा, झाकण सैल. 28-30 अंशांत पाच-सात दिवस. मे महिन्यात ओट्यावर ठेवली तर फोडी गळून लगदा होतो. आंबटपणा मोजायची पीएच पट्टी 4च्या खाली आली की फ्रीजमध्ये. पांढरा, सपाट, सुरकुतलेला पापुद्रा यीस्टचा, तो काढता येतो. हिरवी-काळी लव दिसली तर बरणीच टाका, वरवर काढून भागत नाही.

विरजण: पुरवणी: 10 ग्रॅम फोडींत पाव ग्रॅम मीठ जातं, बीपीवाल्यांनी मोजून खावं. पपनसाची साल असेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आंबवल्याने त्यातले गोळीला अडणारे घटक जातील असं धरू नका.

बरणीवाले: बायो-एन्झाइम पिऊ नका. 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी, तीन महिने, हे प्रमाण फरशी पुसायच्या द्रावणाचं. त्यात साली न धुता, मेण-फवारणीसकट जातात, मीठ नसतं, कोणते जिवाणू वाढले तेही कळत नाही.

स्नेहलता_इंदूर: कांजी नसेल तर?

बरणीवाले: घरच्या मिठाच्या पाण्यातल्या लोणच्याचं पाणी चालेल, पण व्हिनेगर नि तेल नसलेलं.