मणका दबला की मायलोमाची तपासणी: गरज की लूट?

मेघना_क: 'घाटवाटा' यांनी काल लिहिलंय, "सत्तरीनंतर मणका दबतोच, त्यात मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर शोधायला लावणं ही निव्वळ लूट." वाचून गप्प बसवेना. माझ्या आईचा एल-१ (कमरेचा पहिला मणका) दबला. पट्टा, कॅल्शियम, पेनकिलर. हिमोग्लोबिन ८, तर "वयामुळे" म्हणून लोहाच्या गोळ्या. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) चढत होतं तरी पेनकिलर चालूच. दुसऱ्या डॉक्टरांनी सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीन वेगळी करून बघणारी तपासणी) करायला लावलं, तेव्हा एम-बँड, म्हणजे एकाच प्रकारचं असामान्य प्रोटीन निघालं. मल्टिपल मायलोमा. हा कॅन्सर बिघडवतो ते हाड, रक्त, किडनी तिन्ही बिघडलेलं दिसत असून कोणालाच शंका येऊ नये?

घाटवाटा: आईंचं वाचून वाईट वाटलं. पण म्हणून सगळ्यांना? बहुतेक मणके ऑस्टिओपोरोसिसनेच (हाडं ठिसूळ होऊन) दबतात. पन्नाशीपुढच्या शंभरात तिघांना एमजीयूएस (असं असामान्य प्रोटीन रक्तात असणं, पण कॅन्सर नसणं) असतं, त्यातल्या जेमतेम एक टक्का लोकांचं वर्षाला पुढे मायलोमात वगैरे रूपांतर होतं. बाकीच्यांच्या घरात उगाच सुतकी कळा. आणि लॅब डॉक्टरला देते ते कमिशन, म्हणजे 'कट', कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांना गुडघ्यासाठी नेलं तर पानभर तपासण्या, त्याही ठरलेल्याच लॅबमध्ये!

नाना_सातारा: अगदी बरोबर. आमच्याकडे दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट नेला तर डॉक्टर हातात घेत नाहीत. एमआरआयचंही तेच. आधी हे कट प्रॅक्टिस बंद करा, मग कॅन्सरचं बोला.

ऑर्थोवाला: कट घेणारे आहेत, नाकारत नाही. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका, मी आजवर एक रुपया घेतलेला नाही. न पडता मणका ऑस्टिओपोरोसिसनेही दबतो, म्हणून एक्स-रेवरून मायलोमा ओळखू येईलच असं नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (सूज दाखवणारी चाचणी), कॅल्शियम, क्रिएटिनिन एवढं तरी बघायलाच हवं.

नाना_सातारा: तुम्ही घेत नसाल. तुमच्या शेजारचे घेतात, तेव्हा तुम्ही गप्प का?

मेघना_क: नाना, कटसाठी वेगळा धागा काढा. माझी आई डायलिसिसवर आहे.

पॅथॉलॉजीवाली: टोटल प्रोटीन ९.८, अल्ब्युमिन ३.१. असा रिपोर्ट माझ्या टेबलावरून जातो आणि ग्लोब्युलिन (टोटलमधून अल्ब्युमिन वजा करून उरतं ते, मायलोमाचं प्रोटीन यातच येतं) एवढं का वाढलं हे कोणी विचारत नाही! उलट लाइट चेन मायलोमात (यात पूर्ण प्रोटीनऐवजी त्याचे छोटे तुकडेच बनतात) टोटल प्रोटीन नॉर्मल असू शकतं, लघवीच्या साध्या पट्टीवर काही दिसत नाही. तिथे त्या तुकड्यांची रक्ततपासणी, फ्री लाइट चेन, लागते. बोन स्कॅनवर विसंबू नका, मायलोमाच्या गाठी त्यात निसटतात. दबलेल्या मणक्याला आधार म्हणून सुईने सिमेंट भरणार असाल तर आधी तुकडा बायोप्सीला पाठवा. सुई तिथे गेलेलीच असते.

घाटवाटा: बरं. रक्त कमी, किडनी बिघडलेली, त्यांना करा. सरसकट मात्र मान्य नाही.

मेघना_क: सरसकट कोण म्हणालं? पण किडनी बिघडेपर्यंत थांबायचं हेही मला मान्य नाही. दुखणं हटत नसेल, दुसरा मणका दबला असेल, तर रक्त बरं असलं तरी करा.

घाटवाटा: दुसरा मणका दबला तर करावं, एवढं मानतो. लॅब मात्र आमची आम्ही निवडणार.