जुन्या नाशकातला तांबटाचा कारखाना राहण्याजोगा करायचा आहे: ओली भिंत, काळी जमीन, वर न्हाणीघर

ओळंबा (प्रश्न विचारणारा; पुढची नावं उत्तर देणाऱ्यांची)

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या वरच्या अंगाला, उतारावर एक वाडा आहे. त्याचा तळमजला कैक पिढ्या तांबटकामाला होता. पुढच्या भागात घडाई आणि मठारकाम (भांडं हातोडीने ठोकून घट्ट आणि चकचकीत करणं), चौकाच्या मागच्या खोलीत भट्टी आणि कल्हई. आता तिथे पाच माणसांचं घर करायचं आहे: खाली बैठक, स्वयंपाकघर आणि आजीची खोली, वर दोन झोपायच्या खोल्या. दर्शनी भाग आहे तसाच ठेवायचा आहे.

मापं अशी: रुंदी ४ खण, लांबी ९ खण, खण (दोन खांबांमधली जागा) सव्वापाच फुटांचा. भिंती २ फूट जाड. जोत्यापर्यंत काळा दगड, वर पातळ जुन्या विटा, आत मातीचं भरण. मधल्या मजल्याला सागवानी कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या) आणि त्यावर ६ इंच माती. छप्पर पूर्वी कौलारू होतं, आता पत्रा आहे.

भट्टीच्या खोलीतली भिंत ५ फुटांपर्यंत ओली असते, अगदी एप्रिलमध्येसुद्धा. तिला सिमेंटचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफ रंग देऊन झाला आहे. दोन्ही फुगून गळतात आणि मागून पांढरी भुकटी निघते. जमीन काळी आहे, वीतभर उकरलं तरी तांब्याचा कीस लागतो. तीन तुळयांची टोकं भिंतीत मऊ लागतात.

ठेकेदार म्हणतो, भिंतीला केमिकल इंजेक्शन, जमिनीला प्लास्टिक कागद, पीसीसी (साधं काँक्रीट) आणि व्हिट्रिफाइड टाइल, वर न्हाणीघराला विटांची भिंत आणि कोबा (जमिनीवर काँक्रीटचा थर). हे करावं का?

सुरखी

यातलं काहीच लगेच करू नका. आधी ओल कुठून येते ते ठरवा, कारण ही भिंत जमिनीतून पाणी ओढते आहे असं मला वाटत नाही.

कल्हईला नवसागर (अमोनियम क्लोराइड) लागतो. तापलेल्या भांड्यावर तो टाकला की पांढरा धूर होतो. तो धूर थंड भिंतीवर बसतो आणि विटांत मुरतो. भांडी उजळायला चिंच-मीठ किंवा पातळ आम्ल वापरतात, ते पाणीही तिथेच जिरतं. म्हणजे विटांत क्लोराइड क्षार भरपूर. नवसागराची चुन्याशी गाठ पडली की अमोनिया उडून जातो आणि मागे कॅल्शियम क्लोराइड उरतं. हा क्षार हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असली तरी तिच्यातून पाणी ओढतो. साधं मीठ ७५ टक्क्यांपर्यंत कोरडं राहतं, हा राहत नाही. एप्रिलमध्ये भिंत ओली दिसते ती त्यामुळे.

खात्री करण्याच्या तीन चाचण्या:

भिंतीचा ५० ग्रॅम चुरा मंद ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पावसाळी दिवशी उघड्या ताटलीत रात्रभर ठेवा. सकाळी वजन चार-पाच ग्रॅमनी वाढलेलं दिसलं तर ओल हवेतून येते आहे.

थोडा चुरा आणि ओला विरवलेला चुना झाकणाच्या बरणीत मिसळून दहा मिनिटं ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर नवसागर अजून शिल्लक आहे.

चमचाभर चुरा डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून गाळा. त्यात दोन थेंब पातळ नायट्रिक आम्ल आणि दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाका. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइड नक्की. नळाचं पाणी वापरू नका, त्यातही क्लोराइड असतं. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

इंजेक्शनबद्दल: त्याचा उपयोग जमिनीतून चढणारं पाणी अडवायला. तुमचं पाणी हवेतून येतं, तेव्हा ते अडवणार काय? शिवाय तुमची भिंत दोन पदरी, मध्ये माती. औषध त्या मातीत शिरून कुठे गेलं ते कळतही नाही. पैसे वाया जातात आणि भिंतीला भोकं पडतात ती वेगळीच.

कडीपाट

वरच्या न्हाणीघराचं सांगतो. ५ बाय ७ फुटांची खोली धरू. दोन नव्या बाजूंना साडेचार इंची विटांची भिंत, ८ फूट उंच, दोन्हीकडून प्लास्टर: साधारण २२०० किलो. ४ इंची कोबा आणि टाइल: आणखी ८०० किलो. म्हणजे तीन टन वजन सागवानी कड्यांच्या मधोमध. कडी लगेच मोडत नाही, पण हळूहळू वाकते. वाकली की कोब्याला चीर जाते, चिरेतून पाणी पाटावर येतं आणि पाट कुजतो. माणसाला ते दिसतं तेव्हा खालच्या खोलीत डाग पडलेला असतो.

करायचंच असेल तर असं करा. तेवढ्या जागेतली ६ इंच माती काढा, तिचंच वजन जवळपास ७८० किलो भरतं. कड्यांवर १९ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय, त्यावर ८ मिमी सिमेंट बोर्ड, त्यावर लवचीक वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यात जाळीची पट्टी, भिंतीवर शॉवरच्या भागात ६ फुटांपर्यंत तोच थर. उतार प्लायखालच्या पाचरींनी काढा, मसाल्याने नको. भिंती जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) चौकट आणि सिमेंट बोर्डच्या. फरश्या धरूनही त्या ५०० किलोच्या आत बसतात. सांडपाण्याचा पाइप कड्यांना खाच पाडून नेऊ नका. कडीला समांतर नेऊन चौकात उतरवा आणि उघडा ठेवा, म्हणजे गळती दिसते.

बाकी मजल्यावरची माती काढू नका. उन्हाळ्यात ती वरची उष्णता अडवते आणि पावलांचा आवाज खाली जाऊ देत नाही.

पाण्याची टाकी छपरावर किंवा या मजल्यावर अजिबात नको. १००० लिटर म्हणजे एक टन. चौकात स्वतंत्र पायाचा लोखंडी स्टँड करा.

तुळयांची टोकं: जाड टोच्या घेऊन भिंतीपासून ९ इंचांपर्यंत वर, खाली आणि दोन्ही बाजूंनी टोचा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज शिरला तर तो भाग गेला. दोन्ही बाजूंनी धिरे (टेकू) लावूनच टोक कापा, धिऱ्याखाली जाड फळी ठेवा. नवं टोक जुन्या सागवानाचंच घ्या. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं, ते मुरलेलं असतं आणि आकसत नाही. तिरपा जोड तुळईच्या उंचीच्या किमान तिप्पट लांब, १२ मिमीचे चार बोल्ट. भट्टीच्या खोलीत बोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचेच हवेत, साधं लोखंड तिथल्या क्लोराइडने खाल्लं जातं. टोक दगडी उशीवर बसवा आणि भोवती १५ मिमी हवा मोकळी ठेवा. भोवती सिमेंट ठासलं की लाकूड पुन्हा तिथेच कुजतं.

ओळंबा

आभारी आहे. तिन्ही चाचण्या केल्या. ५० ग्रॅमचे सकाळी ५६ झाले, बरणीतून झोंबणारा वास आला आणि पांढरा साका लगेच धरला. दुसऱ्या बाजूच्या भिंतीच्या चुऱ्यात मात्र जवळपास काहीच नाही. आता भिंतीचं काय करायचं? आणि जमीन किती खणायची?

सुरखी

मग भिंत धुवायची नाही. पाणी मारलं की क्षार आत पळतात आणि सुकताना पुन्हा बाहेर येतात. ते बाहेर येतील आणि आपण काढून घेऊ अशी व्यवस्था करायची.

सिमेंटचं प्लास्टर छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर लावू नका, आतलं भरण सुटेल. सांधे २० ते २५ मिमी खोल मोकळे करा, कोरड्या ब्रशने भुकटी झाडा आणि सगळा मलबा त्याच दिवशी वाड्याबाहेर न्या. खाली पडून राहिला तर क्षार परत जमिनीत जातात.

पावसाळा सरला की, म्हणजे ऑक्टोबरअखेर, भिंतीला काढून टाकण्यासाठीचं प्लास्टर करा: १ भाग मुरवलेला चुना, ४ भाग जाडसर धुतलेली वाळू, जाडी २० मिमी. मुद्दाम अशक्त ठेवायचं. त्यावर रंग नाही, सफेदीही नाही. लावताना अमोनियाचा वास येईल, दारं उघडी ठेवून काम करा. दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवून चुना धरू द्या. मग मेपर्यंत भिंत मोकळी सुकू द्या. नाशिकचा कोरडा मार्च-एप्रिल इथे कामी येतो, पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि क्षार त्या प्लास्टरमध्ये साठतात. मृग लागायच्या आत हे प्लास्टर खरवडून काढा. पावसाळ्यात राहिलं तर साठलेले क्षार ओले होऊन भिंतीत परत शिरतात आणि सगळा हिवाळा फुकट जातो.

काढलेल्या प्लास्टरच्या चुऱ्याची सिल्व्हर नायट्रेट चाचणी पुन्हा करा. साका दाट असेल तर पुढच्या हिवाळ्यात दुसरी फेरी. या खोलीला एक फेरी बहुधा पुरणार नाही. घाईच्या जागी, म्हणजे दरवाजाच्या चौकटीशेजारी, कागदाच्या लगद्याचा १५ मिमी लेप द्या आणि पूर्ण वाळून सुटेपर्यंत हात लावू नका.

शेवटचं प्लास्टर: १ चुना, दीड वाळू, दीड सुरखी (विटांची भुकटी), १०-१२ मिमीचे दोन थर, वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक इमल्शन आणि वॉलपुट्टी दोन्ही नको, त्यांच्यामागे क्षार अडकतात आणि थर फुगतो.

प्लास्टरच्या आधी भिंत सरळ उभी आहे का ते ओळंबा लावून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या ठोकाठोकीने दोन पदर सुटलेले असू शकतात. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा जाडीच्या सहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे तुमच्याकडे ४ इंचांपेक्षा, भिंत बाहेर गेली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. सुटलेले पदर बांधायला आरपार दगड आडवे ४ फुटांवर आणि उभे २ फुटांवर घालतात. पोकळीत चुना-सुरखीचं पातळ मिश्रण खालून वर भरत जायचं, एका दिवसात ३ फुटांपेक्षा जास्त नाही. पंपाचा दाब नको, पदर फुटतात.

भुईकाम

जमीन १२ इंच खणा. पण आधी भिंतीलगत दोन बाय दोन फुटांचा खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते पाहा. पायाच्या तळाखाली कधीही जायचं नाही. एकदम सगळी खोली उकरू नका, ४ फुटी पट्ट्यांनी खणा आणि एक पट्टी भरल्यावरच दुसरी.

ही माती साधी समजू नका. डाक देताना (सांधे झाळताना) आणि स्वस्त कथलातून शिसं पडलेलं असतं. प्रयोगशाळेत शिशासाठी नमुना तपासून घ्या, खासकरून घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर. खणताना माती भिजवून घ्या, कोरडी झाडू नका, एन-९५ मास्क लावा. ती कुंडीत किंवा शेतात टाकू नका, तांबं मुळांना मारतं.

भरणी खालून वर: धुमसाने ठोकून घट्ट केलेली जमीन, ६ इंच हाताने रचलेला काळा दगड (बारीक चुरी न घालता, म्हणजे पाणी वर चढत नाही), जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कापड), ४ इंच चुन्याचं काँक्रीट विटांच्या तुकड्यांचं, मग १ इंच चुन्याच्या गादीवर १ इंची शहाबादी फरशी. सांधे चुन्याचे. जोडून आलेली उंची जुन्या पातळीइतकीच येते. क्षाराच्या भिंतीलगत ४ इंच रुंद पट्टी खडीची उघडी सोडा.

प्लास्टिक कागद आणि पीसीसी भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलं तर खालची वाफ मधून निघू शकत नाही, ती कडेला सरकून भिंतींत चढते. आज कोरड्या असलेल्या भिंतीही मग ओल्या होतात.

ऐरणीचे रोवलेले दगड जमिनीच्या पातळीला येत असतील तर काढू नका. ते खोल असतात, उपटताना शेजारचा पाया हलतो. शहाबादी त्यांच्याभोवती कापून बसवा.

गोदाकाठ

वायरिंग आणि नळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. अमोनियामुळे ताणाखालची पितळ चिरते. त्यामुळे भट्टीच्या भिंतीत पितळी नळजोड किंवा स्विचबॉक्स गाडू नका. त्या भिंतीवरची वायर उघड्या पाइपातून, भिंतीपासून अर्धा इंच सोडून न्या. कपाटही भिंतीला चिकटवू नका. आजींची खोली तिथे करणार असाल तर करू नका. आजींना कोरड्या भिंतीची खोली द्या आणि भट्टीच्या जागी स्वयंपाकघर ठेवा. धुराड्याचा मार्ग तयारच आहे, फक्त आतून ६ इंची एसएस ३१६ पाइप सोडा, कारण धुराड्याच्या विटांत नवसागर सगळ्यात जास्त बसलेला असतो.

तुम्ही उतारावर आहात, तरी पाणी येण्याची वाट नदीच असते असं नाही. दहीपुलाकडून सरस्वती नाल्याचं पाणी सराफ बाजारात कसं उतरतं ते माहीत असेल, आणि २ ऑगस्ट २०१६ चा पूर सगळ्यांनी पाहिला आहे. गटार तुंबलं की पाणी घरातल्या मोरीतून वर येतं. बाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि तो दर मे महिन्यात उघडून साफ करा. तळमजल्याचे सॉकेट जमिनीपासून ४ फुटांवर, मीटर आणि एमसीबी वरच्या मजल्यावर, तळमजल्याचं सर्किट वेगळं आणि त्याला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं).

महापालिकेकडे काम सुरू करण्याआधी जा. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला कलम २६५ अ खाली संरचना तपासणीचा दाखला लागतो, आणि धोकादायक म्हणून कलम २६४ ची नोटीस आधीच लागलेली असेल तर दुरुस्तीचा आराखडा इंजिनिअरच्या सहीने द्यावा लागतो. वाडा वारसा यादीत आहे का तेही नगररचना विभागात विचारा, असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी वेगळी परवानगी.

कडीपाट

पत्र्याबद्दल राहिलं. वरच्या खोल्या राहण्याजोग्या व्हायच्या तर पत्रा काढून पुन्हा मंगलोरी कौलं घाला, चौरस मीटरला साधारण १५ लागतात. रिपांच्या खाली फळ्या आणि पाणी अडवणारा पातळ पडदा, फळी आणि कौल यांच्यात दोन इंच हवा. कणा आणि पागोळीची बाजू हवेला उघडी ठेवा, फक्त जाळी लावा, नाहीतर चिमण्या आणि खारी आत घरं करतात. चौकाकडच्या पाखीत (छपराच्या उतारात) चार-पाच काचेची कौलं बसवली तर जिन्याला दिवसा दिवा लागत नाही. पागोळीचं पाणी चौकात न सोडता पन्हळीने थेट बाहेरच्या गटारात न्या, चौकाची फरशी भट्टीच्या खोलीच्या जोत्याला लागून आहे.