हायलक्सचं नाक वर घ्यायचंय: स्पेसर, स्प्रिंग की पूर्ण किट?

घाटवाट:
टोयोटाची हायलक्स पिकअप, ४x४ ऑटोमॅटिक, २०२३ची. टायर कंपनीचेच, २६५/६० आर १८. हौद्यात कॅनोपी (वरचं झाकण), ड्रॉवर आणि फ्रीज मिळून साधारण १८० किलो कायम असतात. पुढे सध्या काही नाही, पण स्टीलचा बंपर आणि विंच (गाडी ओढून काढायचा दोर-चरखा) बसवायचा विचार आहे, दोन्हींचं वजन ९० किलोच्या घरात जाईल. वापर पुणे ते कोकण, घाट, पावसाळ्यात कच्चे रस्ते.

सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. पुढे डावीकडे ५०२ मिमी, उजवीकडे ४९०. मागे डावीकडे ५२८, उजवीकडे ५२५.

गॅरेजवाला म्हणतो, पुढे ३२ मिमीचा टॉप स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) आणि मागे दोन इंची ब्लॉक (पाटा आणि एक्सलमधला ठोकळा) टाकू, दोन तासांत गाडी तयार. मला नाक मागच्याइतकं वर हवंय. हे करावं का? आणि उजवी बाजू १२ मिमी खाली का आहे, स्प्रिंग बसली का?

लोखंडी_पाटा:
आधी उजव्या बाजूचं सांगतो. स्प्रिंग बसलेली नाही. ड्रायव्हर, डिझेलची टाकी वगैरे वजन कुठे आहे त्यावर हायलक्स थोडी कलते. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत उजवं नाक १० ते १५ मिमी खाली असणं नेहमीचं आहे. त्यावर उजव्या स्प्रिंगखाली ५ मिमीचा ट्रिम पॅकर (पातळ चकती) पुरतो. चाकाशी त्याचे साधारण १० मिमी होतात.

हे दुपटीचं गणित नीट समजून घ्या, कारण तुमच्या गॅरेजवाल्याचा घोटाळा इथेच आहे. पुढचा स्ट्रट (शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक नग) चाकाच्या थेट वर बसत नाही. तो खालच्या आर्मच्या (चाक चॅसिसला जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसतो. म्हणून स्ट्रटपाशी टाकलेला प्रत्येक मिलिमीटर चाकापाशी जवळपास दोन होतो. ३२ मिमीचा स्पेसर म्हणजे चाकाशी साठच्या वर. तुम्हाला हवं होतं नाक मागच्याइतकं, म्हणजे २५ ते ३५ मिमी. मिळेल त्याच्या दुप्पट, आणि मग मागेही ब्लॉक घालावा लागेल. असा खेळ सुरू होतो.

सह्याद्री_४बाय४:
वरच्याशी सहमत. फक्त स्पेसरचे दोन प्रकार वेगळे आहेत, ते एकाच माळेत ओवू नका.

टॉप स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर, स्ट्रट आणि चॅसिसच्या मध्ये बसतो. स्प्रिंग उघडावी लागत नाही, म्हणून गॅरेजवाल्यांना आवडतो. पण पूर्ण स्ट्रट तेवढा लांब झाल्यासारखा होतो. चाक लोंबकळतं तेव्हा आर्म कंपनीच्या मर्यादेपेक्षा खाली जातो. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट शेवटच्या कोनावर अडकतो, वरचा आर्म स्प्रिंगला घासू शकतो आणि एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळतानाही ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो. उलट खड्ड्यात चाक वर दाबलं गेलं की बंप स्टॉप (चाक वर जाण्याची हद्द ठरवणारं रबर) लागण्याआधीच शॉकअपचा पिस्टन तळाला आपटतो. शॉकअप आतून फुटतो तो असा.

प्रीलोड पॅकर स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसतो. स्ट्रटची लांबी तीच राहते, त्यामुळे बॉल जॉइंट आणि सीव्हीला कंपनीची मर्यादा पाळली जाते. किंमत दुसरीकडे मोजता: गाडी ४० मिमी उचलली की चाकाला खाली जायला असलेल्या जागेतले ४० मिमी गेले. स्पीडब्रेकर उतरताना पुढून ‘ठक्’ आवाज येतो, तो शॉकअप पूर्ण उघडून थांबल्याचा. ५ ते १० मिमीचा पॅकर चालतो. त्याच्या पुढे नको. शिवाय स्प्रिंग कंप्रेसरशिवाय हे काम करायला बसूच नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

डिझेलगडी:
स्पेसरला इतकं वाईट ठरवू नका राव. गाडीला पुढे वजन नसेल आणि २० मिमीच हवे असतील, तर १० मिमीचा पॅकर आणि अलाइनमेंट यात काम होतं. नव्या गाडीचे चांगले शॉकअप काढून फेकायचे कशाला?

सह्याद्री_४बाय४:
वजन नसेल तर, हे बरोबर. इथे पुढे ९० किलो येणार आहेत. स्टॉक स्प्रिंग त्या वजनाने बसेल, पॅकरने मिळालेले २० मिमी तिथेच संपतील. वर मऊ स्प्रिंग, जड नाक आणि घाटातले ब्रेक, म्हणजे गाडी नाक खुपसणारच. इथे पॅकर नको, जास्त कडक स्प्रिंग हवी.

घाटवाट, स्प्रिंग इंचावर मागू नका, वजनावर मागा. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅनसारख्या कंपन्या एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंग ठेवतात: नाक मोकळं, फक्त बंपर, बंपर अधिक विंच. ‘बंपर अधिक विंच’वाली स्प्रिंग मोकळ्या नाकावर लावली तर गाडी ६०-७० मिमी उचलेल आणि दगडासारखी चालेल. म्हणून बंपर आधी, स्प्रिंग नंतर. किंवा दोन्ही एकाच दिवशी.

उंची चाकाशी ४० मिमी धरा. तोवर कंपनीचे वरचे आर्म चालतात, डिफ ड्रॉप (पुढचा डिफरन्शियल खाली आणायचं किट) लागत नाही आणि अलाइनमेंट मर्यादेत येतं. ५० मिमीच्या पुढे कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी पडतो, हायवेला गाडी सरळ धरत नाही, स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नाही. मग वेगळ्या कोनाचे वरचे आर्म घ्यावे लागतात. डिफ ड्रॉप किटमध्ये पुढचा डिफरन्शियल साधारण २५ मिमी खाली आणतात. एक्सलचा कोन सुधारतो, पण वर घेतलेल्या जागेतली थोडी परत जाते.

घाटवाट:
समजलं. मागचं काय? ब्लॉक नको असेल तर एअरबॅग (पाट्यांच्या मदतीला हवेची पिशवी)? आणि टायर २८५/७० आर १७ चालतील का?

लोखंडी_पाटा:
मागे तुम्हाला खरं तर उंची नकोय, वजन पेलायचंय. १८० किलो कायम असतील तर मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा पुरतो. पूर्ण नवा संच हवा असेल तर कायम ३०० किलोवाला उचलू नका. तो अर्ध्या वजनावर उसळतो आणि ओल्या घाटात मागची चाकं उड्या मारतात.

जादा पाटा घेताना लांब घ्या. आखूड पाटा जिथे संपतो तिथेच वरच्या पाट्यावर सगळा ताण येतो आणि वरचा पाटा नेमका तिथे चिरतो. जुने पाटे ठोकून गोलाई वाढवून देणारे भेटतील. नीट ताव दिला नसेल तर ती गोलाई काही महिन्यांत बसते.

ब्लॉकबद्दल: हायलक्समध्ये पाटे एक्सलच्या वर आहेत, त्यामुळे ब्लॉक टाकता येतो हे खरं. पण पाटा आणि एक्सलमधलं अंतर वाढलं की लीव्हर वाढतो. २.८ डिझेलचा टॉर्क चढावर लागला की एक्सल पिळतो आणि पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकतो. त्याने सुटताना थरथर, पुढे युनिव्हर्सल जॉइंटची झीज. एकावर एक दोन ब्लॉक तर कुणीही सांगितलं तरी नाही. ब्लॉक वजनाला काडीचीही मदत करत नाही, फक्त हौदा वर दिसतो.

एअरबॅगचा धोका वेगळा. पाट्यांवर वजन चॅसिसला दोन ठिकाणी जातं, पुढच्या आणि मागच्या डोळ्याशी (पाट्याच्या टोकाच्या कडीशी). एअरबॅग ते मध्ये, एक्सलच्या वर, एकाच ठिकाणी देते. हौद्याच्या मागच्या टोकाला जड सामान किंवा ट्रेलर असेल तर चॅसिस तिथेच वाकतं. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या वाकलेल्या चॅसिसची चर्चा बरीच याच कारणाने होते. अधूनमधून वजन वाढत असेल तर कमी हवेवर ठीक. बसलेल्या पाट्यांचा इलाज म्हणून नाही.

हे सगळं करण्याआधी गाडी वजनकाट्यावर घ्या. पूर्ण सामान, टाकी भरलेली, माणसं बसलेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजा केलं की मागच्या एक्सलचं वजन मिळतं. आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू (सामानासकट गाडीचं कमाल वजन) पाहा. स्प्रिंग बदलली म्हणून ते वाढत नाही, ब्रेक आणि एक्सल तेच असतात.

आणि मागे पुढच्यापेक्षा १५-२० मिमी जास्त राहू द्या. अगदी सपाट केली तर सामान भरल्यावर नाक आकाशाकडे आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

डिझेलगडी:
टायरचं मी सांगतो. मागच्या एक्सलखालची जमिनीपासूनची जागा फक्त मोठा टायर वाढवतो. लिफ्ट किटने चॅसिस वर जातं, मागच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शियलचं घर) आहे तिथेच राहतो. तुमच्या २६५/६० आर १८ चा व्यास साधारण ७७५ मिमी. २६५/६५ आर १८ घेतला तर ८०२, म्हणजे गोळ्याखाली १३ मिमी जास्त आणि रिमही तीच. स्पीडोमीटर साडेतीन टक्के कमी दाखवेल: काट्यावर ८०, खरे ८३. २८५/७० आर १७ म्हणजे ८३१ मिमी. रिम बदला, पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर आतलं प्लास्टिक कापा, गाडीचा वेग पकडण्याचा जोर पडेल ते वेगळंच. घाटात ते जाणवतं.

नटबोल्ट_५०:
कायद्याचं कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीतल्या १८२अ (४) मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या बुलबारवर (बंपरला लावलेल्या लोखंडी गार्डवर) तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. तेव्हा तो विंचसकट ९० किलोचा बंपर खरंच हवा का, हा प्रश्न पहिला. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बदल टिपतो आणि क्लेम अडतो. माझं मत: बंपर सोडा, पुढे ५ मिमीचा उजवा पॅकर आणि मागे जादा पाटा, एवढ्यावर थांबा.

तरी स्प्रिंग बदलणारच असाल तर काम करून घेताना हे पाहा:

खालच्या आर्मचे, शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या झुलत्या पट्टीचे) आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवा, दोनचार वेळा दाबून हलवा, मग टॉर्क द्या. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो, गाडी उंच राहते आणि बुश लवकर फाटतो. उंची मोजताना आकडे जुळत नाहीत ते बऱ्याचदा यामुळे.

यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) नवे. जुने ताणलेले असतात. जादा पाट्याला सेंटर बोल्ट लांब लागतो, त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलंय हे यू-बोल्ट आवळण्याआधी पाहा. नाही बसलं तर एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. ५०० किमीनंतर पुन्हा टॉर्क.

कोकणात फिरणाऱ्या गाडीत खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (फिरवून अलाइनमेंट लावायचे) बुशच्या नळीत गंजून जाम होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा आणि एक जोडी नवी हाताशी असू द्या, नाहीतर अलाइनमेंटवाला फक्त टो (चाकांची आत-बाहेर दिशा) करून पाठवेल. कास्टर वाढवायचा तर पुढचा कॅम आत, मागचा बाहेर. छापील रिपोर्ट मागा. डाव्या-उजव्या कास्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर परत लावा, गाडी एका बाजूला ओढेल.

मग चॅसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून चाकं लोंबकळू द्या. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणत नाही ना, सीव्ही बूटच्या घड्या एकमेकांना घासत नाहीत ना, वरचा आर्म आणि स्प्रिंगमध्ये बोट जातं का, हे स्वतः वाकून बघा. शेवटी नेहमीचं सामान भरून हेडलाइटचा झोत भिंतीवर लावून घ्या. रिकाम्या हौद्याने लावला तर सामान भरल्यावर वर जातो.