मदत हवी आहे: कडकनाथची नुकती निघालेली पिल्लं झाबुआहून गोराईला येणार आहेत, प्रवास झेपेल का?

गोराईकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे घरामागे गावठी कोंबड्या आहेत, त्या सासूबाई बघतात. आजवर पिल्लं काढली ती खुडूक कोंबडीखालीच. यंदा प्रथमच कडकनाथ या काळ्या जातीची पन्नास पिल्लं बाहेरून मागवली आहेत. संध्याकाळी झाबुआजवळच्या मेघनगर स्टेशनहून गाडीत चढवणार, सकाळी बोरिवली, तिथून रिक्षाने जेट्टी आणि मग बोटीने खाडी ओलांडून घरी. अंड्यातून निघाल्यापासून आमच्या अंगणात पोचेपर्यंत दीड दिवस तरी जाईल. खोक्यात दाणा नाही, पाणी नाही. सासूबाईंनी दोन दिवस एकच धोशा लावलाय, "इतका लहान जीव उपाशी कसा राहील गं?" हॅचरीवाले "काही होत नाही मॅडम" एवढंच म्हणतात. खरंच काही होत नाही का? आणि आल्याबरोबर आधी काय करायचं? ऑक्टोबरचा उकाडा आहे, त्याचीही भीती वाटते.

आगाशीकर:
सासूबाईंना विचारा, पहिलं पिल्लू निघाल्यावर खुडूक कोंबडी लगेच उठते का? नाही उठत. मागची अंडी फुटेपर्यंत दिवसभर, कधी त्याहून जास्त बसून राहते, आणि आधी निघालेली पिल्लं तोवर तिच्या पोटाखाली न खाता-पिता असतात. २१ व्या दिवशी बाहेर येण्याच्या जरा आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. ती त्याची शिदोरी. तिच्यावर पिल्लू साधारण ७२ तास तग धरू शकतं. याच आधारावर अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं टपालाने पाठवतात.

पण ७२ तास ही शेवटची हद्द आहे. दाणापाणी जितकं लवकर मिळेल तितकं पिल्लू पुढे चांगलं वाढतं. म्हणून हॅचरीला "कधी पाठवणार" एवढंच विचारू नका, "पिल्लं कधी निघाली" हे विचारा. यंत्रातून आदल्या दिवशी काढलेली पिल्लं गाडीत चढवली तर तुमचा दीड दिवस तिथेच अडीच होतो.

तूस_आणि_दाणे:
प्रवासात भुकेपेक्षा उकाडा आणि कोंडलेली हवा घातक. खोक्यात दाटीने बसली की पिल्लं एकमेकांच्या अंगानेच उबदार राहतात, वरून ऊब लागत नाही. भोकं मोकळी हवीत, शंभराच्या खोक्याला असतात तसे पंचवीस-पंचवीसचे कप्पे हवेत, म्हणजे ढिगाऱ्याखाली कुणी चेंगरत नाही. बोरिवलीला खोकं उन्हात ठेवू नका, बोटीत त्यावर ओलं गोणपाट टाकू नका.

गोराईकरीण:
मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, खुडूक कोंबडीचं त्यांना लगेच पटलं. दुकानदार २५० वॅटचा लाल दिवा घ्या म्हणतोय. घेऊ का? शेड पत्र्याची आहे.

तूस_आणि_दाणे:
नका घेऊ. तसले दिवे थंड मुलखातल्या शेडसाठी. पत्र्याखाली दुपारी तुमची पिल्लं भाजून निघतील. ऊब पिल्लामागे दोनेक वॅट पुरते. ६० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब लावा, दोघांना वेगळी बटणं ठेवा. एलईडी नको, त्याची ऊब नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश हवेत, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दुपारी बहुतेक एकही बल्ब लागणार नाही, पहाटे दोन्ही लागतील.

मोजमापापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली घोळका करून ओरडत असतील तर गारठलीत. कडेला जाऊन पंख पसरून चोच उघडी टाकत असतील तर गरम होतंय. सगळीकडे विखरून निवांत असतील तर बरोबर. जागा पत्र्याची पट्टी वळवून गोल करा, कारण कोपरा मिळाला की रात्री तिथे एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच. नुसता गुळगुळीत कागद अंथरला तर पाय फाकतात आणि तसं पिल्लू सुधारणं कठीण असतं. वरून जाळी हवीच, घुशी आणि मुंगूस तुमच्याकडे असणारच.

आगाशीकर:
आल्यावर आधी पाणी, मग दाणा. बल्ब दोन-तीन तास आधी लावून जागा तापवून ठेवा. पाणी कोमट, त्यात थोडा गूळ, पण गुळाचं पाणी पहिल्या काही तासांपुरतंच, नंतर हगवण लागते. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात हलकेच बुडवा, नाकपुड्या वर राहू द्या. एकाला कळलं की बाकीची त्याचं बघून पितात. भांडं उथळ हवं, त्यात गोट्या टाका, नाहीतर पिल्लं आत पडून भिजतात. सगळी प्यायली की मक्याचा बारीक भरडा, मग चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य). पहिले काही दिवस रोज शेपटीखाली बघा. विष्ठा सुकून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका.

मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लस हॅचरीतच टोचलेली असायला हवी, तसं लिहून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची. लस बर्फात घालूनच आणा. गोरेगावला आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आहे, तिथे कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण मिळतं. पुढे संख्या वाढवणार असाल तर एकदा जाऊन याच.

गोराईकरीण:
सासूबाईंचा आणखी एक प्रश्न. एक कोंबडी सध्या खुडूक आहे. तिच्याखाली यातली काही पिल्लं सोडली तर घेईल?

आगाशीकर:
पूर्ण अंधार पडल्यावर एकेक करून सरकवा, दहा-बारापेक्षा जास्त नको. ती दोन-तीन आठवडे बसून असेल तर घेण्याची शक्यता चांगली आहे, कालपरवाच बसली असेल तर भरवसा धरू नका. आधी तिच्या अंगात उवा नाहीत ना ते पाहा. आणि सोडलेली पिल्लं पुन्हा ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बखालच्या गोल जागेत, मिसळायची नाहीत, मोठ्या कोंबडीचा आजार पन्नासांत पसरेल. कोंबडीने पिल्लांना चोचीने टोचलंच तर ती परत काढून ठेवायला वेगळं खोकं आणि तिसरा बल्ब तयार असू द्या. उजाडायच्या आत जाऊन बघा, काळी पिल्लं उजेडात दिसल्यावर काही कोंबड्या टोचतात.