पानिपतापूर्वीचा रिकामा खजिना

प्रश्न : उदगीरच्या लढाईनंतर (१७६०) निजामाकडून सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळूनही, त्याच वर्षी दिल्लीत मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांना लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खास या दरबारी दालनाचे चांदीचे छत उतरवून नाणी का पाडावी लागली?

प्रतिसाद १ : मुलूख मिळणे निराळे, वसूल हाती येणे निराळे. चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा, २५ टक्के) आणि सरदेशमुखी (त्यावरचा आणखी १० टक्के हक्क) कागदावर ठरलेली असली, तरी ती गोळा करायला फौज लागे, आणि फौज पोसायला सावकाराचे कर्ज. थोरले बाजीरावही आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत याच कर्जाने गांजलेले दिसतात.

प्रतिसाद २ : मान्य, मात्र माझ्या मते पैशाहून रसद अधिक नडली. डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरवणारे मराठ्यांचे अधिकारी गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दुआबाचा (गंगा-यमुनेमधल्या प्रदेशाचा) आधार तुटला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सैन्य उपाशीपोटी लढले.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. छावणीतल्या बिनलढाऊ यात्रेकरूंचा खर्च कोणी मांडला आहे का?