स्टू उंगरचं काय?

पोकर हा पत्त्यांचा खेळ म्हणजे निव्वळ नशीब, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकन खेळाडू स्टू उंगर घ्या. जिन रमी या रमीच्या प्रकारात इतका तरबेज, की समोर बसायलाच कुणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० आणि १९८१, लागोपाठ दोन वर्षं त्याने लास वेगासची पोकरची जागतिक स्पर्धा मारली. नशीब असं ओळीने साथ देतं का? पुढे व्यसनाने पार पोखरला, तरी १९९७ मध्ये पुन्हा जिंकलाच! प्रवेशाचे १०,००० डॉलर बिली बॅक्स्टर या दुसऱ्या पोकर खेळाडूने भरले होते. १० लाख डॉलरच्या बक्षिसात निम्मा वाटा बॅक्स्टरचा. निळ्या काचांच्या गोल चष्म्यातला उंगरचा तेव्हाचा फोटो मला बघवत नाही. पुढच्याच वर्षी एका मोटेलच्या खोलीत तो गेला. वय अवघं ४५.